घरच्यांचा नंबर शेवटी

सोमवार, २ फेब्रुवारी

पोरी,

तुला आणि तुझ्या दोन्ही पिल्लांना पोटभर आशीर्वाद.

काल जावईबापूंचा फोन होता. तू शेजारच्या खोलीत असणार, कारण ते मध्येच आवाज उतरवून म्हणाले, "हो हो, गॅसवाल्याचाच आहे." चला, मी गॅसवाला तर गॅसवाला. गॅसवाल्याला निदान लोक दार तरी उघडतात.

त्यांनी सांगितलं की धाकट्याची सहाव्या आठवड्याची सुई झाली, पोलिओचं झालं, फक्त जुलाबावरचे रोटाचे थेंब तू घेऊ दिले नाहीस. तिथल्या सिस्टरला म्हणालीस, "पहिलीला दोन्ही वेळा दिले होते, हे बघा कार्ड. तरी ती मरता मरता वाचली. या पाण्याचा काही उपयोग नाही." सिस्टरने कार्ड बघून परत दिलं म्हणे. काय बोलणार बिचारी, कार्ड तिच्या डोळ्यांसमोर होतं.

आज धाकटा नऊ आठवड्यांचा झाला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दोनदा मोजलं. रोटाचा पहिला डोस पंधरा आठवड्यांच्या आत जावा लागतो. काही ठिकाणी ही मर्यादा वेगळी असते म्हणे, पण तुमच्याकडे आणि आमच्याकडे पंधराच. म्हणजे सोळा मार्चला दार बंद. मग कितीही वाटलं तरी कुणी देणार नाही. म्हणून हे पत्र. तू माझा फोन घेत नाहीस, तर निदान वाच.

दोन वर्षं झाली आपलं बोलणं तुटून. तेव्हा तुझी थोरली, गुंडी, अकरा महिन्यांची होती. तिने दूध ओकलं तेव्हा मी म्हणालो, "दात येतायत." जुलाब सुरू झाले तेव्हाही तेच म्हणालो. तू म्हणालीस, "बाबा, हे दातांचं वाटत नाही," तर मी तुलाच हसलो. सगळा जन्म दवाखान्यात काढलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर तू ऐकलंस. दुसऱ्या दिवशी दुपारी ती रडली तर डोळ्यांतून पाणी येईना. टाळू आत गेलेली, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. रिक्षात तिची मान तुझ्या हातावरून लोंबत होती. शेवटी शीर सापडली ती पायाच्या पंज्यात.

दीड दिवस मी वाया घालवला. ते माझ्या माथी आहे, मी नाही म्हणत नाही. पण पोरी, माझ्यावरचा राग बाळावर काढू नकोस. थेंब चांगले आहेत. मी शेकडो पोरांना पाजले आहेत.

इथं सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात. तरी मंगळवारी आणि शुक्रवारी लसीच्या दिवशी बाहेरच्या टेबलावर बसतो. निवृत्त झालो तरी इथली सिस्टर एकटी पडते म्हणून. तिने माझं नाव थेंबबाबा ठेवलंय. म्हणते, "बाबा, तुमच्या अक्षराकडे बघून जंतू पळत नाहीत. जरा भराभर लिहा."

तारीख विसरू नकोस.

बाबा


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

पोरी,

उत्तराची वाट बघितली नाही असं म्हणालो तर तू हसशील. टपालवाला रोज समोरून जातो, मी रोज दारात उभा. काल तो म्हणाला, "काका, तुमच्यासाठी मी स्वतःच एखादं लिहू का?"

धाकट्याला साडेदहा आठवडे झाले. अजून महिना आहे. महिना म्हणजे फार नाही.

आज एक बाई जुळी घेऊन आली होती. दोन्हीकडे एकेक पोर अडकवलेलं, केस विस्कटलेले, झोपेचा पत्ता नाही. मी कार्डं भरत होतो. ती म्हणाली, "काका, हे थेंब दिले की जुलाब होणारच नाहीत ना?"

मी सांगितलं, "होतील. जुलाबाची कारणं हजार. हे थेंब त्यातल्या एका जंतूशी, रोटाशी, लढायला शिकवतात, पण तो एकटा बाकीच्यांवर भारी आहे. थेंब घेतलेल्या पोरालाही कधी कधी तो गाठतो. पण हलकेच हात लावून जातो. सलाईनवर सहसा नेत नाही."

"सहसा?"

"सहसा."

आतून सिस्टर म्हणाली, "बाबा, तुम्ही लस देताय का लग्न जमवताय? पाठवा त्यांना आत."

बाई हसली. मी एकेकाला थेंबांची नळी गालाच्या आत टेकवून हळूहळू पिळली. एकाने चाटूनपुसून घेतलं. दुसऱ्याने असं तोंड केलं, जणू मी त्याचा अपमान केला. हे बघायला मला फार आवडतं. सबंध आयुष्यात पोरांनी मला एवढंच दिलं, पण भरपूर दिलं.

तुला आठवत असेल, "थेंब घेतलेल्या पोरालाही कधी कधी गाठतो" हेच मी तुला हॉस्पिटलच्या जिन्यात म्हणालो होतो. डॉक्टरांनी विचारलं होतं, "रोटा दिलाय का?" तू पिशवीतून कार्ड काढून दाखवलंस. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेले. तू जिन्यात माझ्याकडे वळून म्हणालीस, "मग तुमच्या थेंबांनी केलं काय?" आणि मी ते वाक्य बोललो.

ते वाक्य खरं आहे. सिस्टरला विचार, डॉक्टरला विचार, कुणीही हेच सांगेल. इतकं खरं वाक्य बोलून माझ्या छातीवर दोन वर्षं धोंडा का बसलाय, असा प्रश्न तुला पडायचा नाही, कारण तुला धोंडा ठाऊक नाही.

असो. आज गर्दी फार होती, डोकं जड झालंय. म्हातारा माणूस काहीबाही लिहितो.

आता तू म्हणशील, बाबांना एवढी काय घाई लागलीये, पोर माझं आहे. बरोबर आहे, तुझंच आहे. पण एक लक्षात घे. तू नको म्हणते आहेस ते गुंडीच्या अनुभवावरून. अनुभव म्हणजे काय, तर जे कार्डावर लिहिलंय ते. आणि कार्ड लिहिणारा कोण, तर मी.

नाही, आता खरंच थांबतो. शाई सांडली आहे.

बाबा


मंगळवार, २४ फेब्रुवारी

पोरी,

जावईबापूंनी काल खरं काय ते सांगून टाकलं. माझी दोन्ही पत्रं ओट्याखालच्या खणात आहेत. तू फोडलेलीसुद्धा नाहीत. फेकलीही नाहीत. ते म्हणाले, "बाबा, ती पाकिटावरचं अक्षर बघते आणि खणात टाकते. मी काही म्हणायला गेलो तर चार दिवस माझ्याशीही बोलत नाही. माझा संसार आहे हो."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगू, हायसं वाटलं. तू हे पाकीट उघडणार नाहीस हे ठाऊक झाल्यावर हात एकदम मोकळा झाला. बघ, किती शूर बाप आहे तुझा.

तर ऐक. किंवा ऐकू नकोस.

तू बाळंतपणाला माझ्याकडे होतीस. तुझी आई नाही, म्हणून सगळं मीच करत होतो. गुंडीचं कार्ड मी दवाखान्यातून आधीच घरी आणलं. दुपारी टेबलावर फडकं अंथरून, चांगलं पेन काढून भरलं. चौथीत शाळा सुटलेला माणूस मी. दवाखान्याचा झाडूवाला होतो तेव्हा औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं गिरवून लिहायला शिकलो. पहिल्या नातीचं कार्ड. प्रत्येक रकाना भरला, पुढच्या तारखाही घातल्या, आणि खुणासुद्धा करून टाकल्या. रोटाच्या दोन्ही डोसांच्या.

यात मला काही गैर वाटलं नाही. आमची रीतच तशी होती. रांग लागली की मी सगळ्यांची कार्डं घ्यायचो, आधी खुणा करून ठेवायचो, मग थेंब, मग आत सुई. असं केलं की तासाभराचं काम वाचायचं. खूण आधी झाली काय नि नंतर झाली काय, पोर तर समोरच बसलेलं असतं.

दुसरी रीत जुन्या मोठ्या सिस्टरची. दवाखान्यातल्या माणसांची पोरं शेवटी घ्यायची. म्हणजे कुणी म्हणायला नको की आतल्यांनी आपलं आधी उरकलं. या रीतीचा मला फार अभिमान. तू सहा आठवड्यांच्या गुंडीला घेऊन बाकावर बसलीस. मी एकामागून एक सगळ्यांना पुढे सोडत होतो आणि तुझ्याकडे बघून हसत होतो, की बघ, तुझा बाप कसा आहे. तीन तासांनी तू म्हणालीस, "बाबा, टाके दुखतायत माझे. सगळ्यांना आधी सोडता, आमचा नंबर कधी?" बाकावरच्या दोघी-तिघींनी वळून बघितलं.

मी म्हणालो, "आण तिला इकडे. तू बस." तू भिंतीला डोकं टेकून डोळे मिटलेस. मी गुंडीला मांडीवर घेतलं आणि थंड पेटीत हात घातला. आत बर्फाच्या लाद्या होत्या. नळी नव्हती. शेवटची माझ्या हातानेच दोन नंबर आधी गेली होती.

तू डोळे न उघडता विचारलंस, "दिले?"

मी म्हणालो, "दिले."

एवढंच झालं. तीन तास तुला बसवलं होतं गं. चार बायांसमोर "संपले" म्हणायला जीभ उचलली नाही. म्हटलं, पुढच्या आठवड्यात माल येईल, सिस्टरला सांगून गुपचूप पाजू. कार्डावर खूण आहेच, ती तेव्हा खरी होईल.

माल आला नाही. दहाव्या आठवड्याला तुला ताप होता, मीच तिला घेऊन गेलो. सुई झाली. थेंब कुणालाच नव्हते. सिस्टर म्हणाली, ज्यांचे राहिलेत त्यांना चिठ्ठी द्या, मोठ्या दवाखान्यात आहेत, बसने दोन स्टॉप. त्या चिठ्ठ्या मी लिहिल्या. तेरा लिहिल्या. चौदावी लिहिली नाही. ती लिहिली असती तर तू विचारलं असतंस, "पहिल्या डोसाची चिठ्ठी? पहिला तर तुम्ही दिलात ना?" सिस्टरनेही विचारलं असतं. रजिस्टर उघडलं असतं. रजिस्टरात मी खोटं लिहिलं नव्हतं, गुंडीच्या ओळीत रोटाचा रकाना कोराच होता. खोटं फक्त तुझ्या हातातल्या कार्डावर होतं. माझ्या सुंदर अक्षरात.

घरी आल्यावर तू अंथरुणातून विचारलंस, "सगळं झालं?" मी म्हणालो, "झालं."

माल आला तेव्हा गुंडी सतरा आठवड्यांची होती. सिस्टरने भिंतीवर कागद चिकटवला, की पंधराच्या पुढे पहिला डोस देऊ नये. वय वाढल्यावर पहिल्यांदा दिलं तर आतड्यात आतडं अडकायचा थोडासा धोका असतो, अगदी क्वचित, पण असतो, म्हणून. तो कागद मीच धरला होता, तिने चिकटपट्टी लावली. मी तेव्हा स्वतःशी म्हणालो, जुलाब काय, सगळ्याच पोरांना होतात. आपण नाही का वाढलो.

आणि "दात येतायत" का म्हणत राहिलो, तेही आता कळेल. मला जंतू ओळखता आला नाही असं नाही. पहिल्याच दुपारी, त्या आंबूस वासावरून ओळखला. तो ओळखला असं मान्य केलं असतं तर दवाखान्यात जावं लागलं असतं, आणि कुणीतरी विचारलं असतं, रोटा दिलाय का? माझ्या घाबरण्यापायी पोराचं पाणी आटलं. हे लिहून झालं. आता छातीवरचा धोंडा हलेल असं वाटलं होतं. हलला नाही. कारण हे पत्र कुणीच वाचणार नाही, आणि मला ते माहीत आहे.

बाबा


मंगळवार, ३ मार्च

(पोस्टकार्ड)

पोरी,

पाकीट फोडावं लागतं, कार्ड फोडावं लागत नाही, म्हणून कार्ड. टपालवाला वाचेल, जिन्यातले वाचतील, वाचू देत.

गुंडीला मी रोटाचे थेंब एकदाही दिले नव्हते. थेंब संपले होते. कार्डावरच्या दोन्ही खुणा खोट्या आहेत, मी आधीच करून ठेवल्या होत्या. तुला "दिले" म्हणालो ते खोटं बोललो. थेंब घेऊन ती आजारी पडली नाही. थेंब न घेतल्यामुळे तिला संरक्षण नव्हतं.

तेव्हा थेंबांचा उपयोग नाही हे तू ज्यावरून ठरवलंस, ते घडलंच नाही.

धाकट्याला १५ मार्चपर्यंत पहिला डोस देता येईल. त्यानंतर नाही. तुमच्याकडे लस मंगळवारी असते, म्हणजे १० तारीख.

माझं काय करायचं ते नंतर ठरव. आधी हे कर.

बाबा


मंगळवार, १७ मार्च

पोरी,

तुझं पाकीट काल मिळालं. तीन ओळी होत्या. "१० तारखेला पहिला डोस दिला. गुंडी अजून कुणी ओकलं तर कोपऱ्यात जाऊन बसते. तुम्ही येऊ नका."

येत नाही.

कार्ड आलं त्या दिवसाचं जावईबापूंनी सांगितलं. टपालवाल्याने ते उलटं करून तुझ्या हातात दिलं आणि तुझ्याकडे न बघता जिना उतरला, त्यावरूनच त्यांना कळलं म्हणे की काहीतरी वाईट आहे. तू उंबऱ्यातच वाचलंस. मग खणातली तीनही पाकिटं काढलीस, ओट्याशी उभ्या उभ्या वाचलीस आणि दूध उतू गेलं. ते म्हणाले, "बाबा, ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता ओटा पुसला. मग पुन्हा पुसला."

तू माझ्या कार्डावरही विश्वास ठेवला नाहीस, ते बरोबर केलंस. ९ तारखेला, सोमवारी सकाळी, इथल्या दवाखान्यात फोन केलास. मी नेमका तिथंच होतो. सोमवारी लस नसते, पण मी दुसऱ्या दिवशीसाठी रकाने आखत होतो. आत फोन वाजला. सिस्टर बराच वेळ "हो, हो, थांबा बघते" असं करत होती. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग ती रजिस्टर छातीशी धरून बाहेर आली.

तिला सांगायचं राहिलं होतं. राहिलं होतं म्हणजे मी सांगितलं नव्हतं. तुला कार्ड टाकलं त्यालाही सहा दिवस झाले होते, आणि दवाखान्यात गेलो की ती विचारायची, "काय थेंबबाबा, आज चेहरा का उतरलाय?" मी म्हणत होतो, गुडघे.

ती माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली. पोरांच्या आया बसतात त्या. मी आपला पेनाचं टोपण लावतोय, काढतोय.

"तुमची मुलगी होती," ती म्हणाली. "मी ओळ वाचून दाखवली. रकाना कोरा आहे म्हणून सांगितलं. ती फक्त 'बरं' म्हणाली."

मी टोपण पुन्हा लावलं.

"चौदावी चिठ्ठी मी लिहिली असती, बाबा. तुम्ही नुसतं म्हणायचं होतं, सिस्टर, माझ्या नातीचे राहिले. मी तुम्हाला खाल्लं असतं का?"

"नाही."

"शिव्या दिल्या असत्या."

"हो."

"मग शिव्यांना भ्यालात? माझ्या?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच कोरडा. "आता सांगा, अशा अजून किती?"

तिने हा प्रश्न विचारायलाच हवा होता. मी शपथेवर सांगितलं, एकच. ती म्हणाली, "शपथ नको, मला रजिस्टर बघू दे." मग आम्ही दोघं दुपारपर्यंत बसलो. मी जुन्या कार्डांच्या इथं राहणाऱ्या अर्ध्या भागांच्या पुड्या काढून द्यायचो, ती एकेक ओळ पडताळायची. चहासुद्धा घेतला नाही. बाकी सगळं जुळलं. शेवटची पुडी बांधताना मला वाटलं, आता ती काहीतरी बरं बोलेल. ती म्हणाली, "उद्यापासून कार्डं मी भरीन. थेंबही मीच देईन, आणि थेंब दिल्यावरच खूण. वेळ लागला तर लागू दे. तुम्ही या. पण त्या टेबलावर बसू नका."

मला वाटलं होतं की मी भांडेन. इतकी वर्षं झाली, ते टेबल म्हणजे माझं दुसरं घर. पण दमलो होतो गं. नुसती मान हलवली आणि पेन ड्रॉवरमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी, तू धाकट्याला घेऊन गेलीस त्याच मंगळवारी, मी बाकावर बसलो होतो. एका पोराची आजी माझ्याजवळ सरकून म्हणाली, "तुमचं नातवंड आत आहे का?" मी म्हणालो, "नाही, लांब आहे."

खालच्या मजल्यावरच्या बाईला तू जानेवारीत थेंब नको म्हणून सांगितलं होतंस, तिलाही बरोबर घेऊन गेलीस असं कळलं. तिचं पोर चौदा आठवड्यांचं होतं म्हणे, जेमतेम मुदतीत बसलं. तिला तू काय सांगितलंस ते मला माहीत नाही. खरं तेच सांगितलं असशील. तुझी आई तशी होती. माझ्यावर गेली नाहीस ते देवाचे उपकार.

तू माफ कर असं मी लिहिणार नाही. चार वेळा लिहून खोडलं. ते शब्द कागदावर आले की भरलेल्या रकान्यासारखे दिसतात, आणि माझ्या भरलेल्या रकान्यांना आता काय किंमत. गुंडी कोपऱ्यात जाऊन बसते, ते वाचलं. तिला उठवायला जाऊ नकोस, तूही तिच्याजवळ जमिनीवर बस. पायाला सुई लावली होती तेव्हा तिला कुणीतरी तळवा कुरवाळलेला चालायचा. अजून चालत असेल तर बघ. एवढंच मला ठाऊक आहे तिच्याबद्दल. बाकी दोन वर्षांत ती काय काय शिकली, काय बोलते, ते मला कुठून कळणार.

आता धाकट्याचं. थेंबानंतर एखाद-दोन दिवस शी जरा पातळ झाली असेल, किरकिर केली असेल, पुढच्या डोसालाही होईल, घाबरू नकोस. लंगोट बदलल्यावर साबणाने हात धू, गुंडीचेही धू. पण तो मध्येच पाय पोटाशी घेऊन कळवळून रडायला लागला, थांबला, पुन्हा रडला, किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर फार क्वचित होतं असं म्हणत बसू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा. आणि पुढे कधी ओकारी-जुलाब सुरू झाले तर क्षारांच्या पाकिटाचं पाणी चमच्या-चमच्याने पाज, अंगावरचं दूध चालू ठेव. थेंब घेतलेत म्हणून निर्धास्त राहू नकोस. कुणी दात येतायत म्हणालं तर त्याचं ऐकू नकोस, मग तो कितीही वर्षं दवाखान्यात असो.

दुसरा डोस चार आठवड्यांनी, ७ एप्रिलला. तो राहिला तर पहिल्याचं काम अर्धवट राहील. त्या दिवशी जावईबापूंना पाठवू नकोस, तू जा. बाळाला दुसऱ्याच्या हातात देऊन बाकावर डोळे मिटून बसू नकोस, कितीही दमलेली असलीस तरी. नळी तोंडात जाते का, रिकामी होते का, हे बघ, आणि मगच कार्ड पुढे कर. टेबलामागचा माणूस प्रेमळ असला, तर जरा जास्तच नीट बघ.

बाबा